दार वाजवू नये

नगरजवळ केडगावात आम्ही भाड्यानं राहायला गेलो त्या घराच्या फाटकावर पत्र्याची एक पाटी होती. पांढऱ्या रंगावर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: 'दार वाजवू नये. नाव सांगून हाक मारावी.'

मला वाटलं, घरात कुणी आजारी असेल. फाटकापाशी उभं राहून मी माझं नाव, गाव, कशासाठी आलो ते सगळं ओरडून सांगितलं. आतून आवाज आला, "दार उघडंच आहे, या की!"

घरमालक फौजेतून निवृत्त झालेले. हवालदार म्हणून बाहेर पडले होते, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे तेही मेजर. सत्तरीच्या जवळ आलेले, उंच, पाठ ताठ. मला ते पहिल्या दिवसापासून 'सुपरवायझर' म्हणायला लागले. मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशीन चालवत होतो. दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

त्यांची मंडळी वारलेली, मुलगी पुण्याला. खाली ते एकटे, वर आमच्या दोन खोल्या. भाडं कमी होतं, पाणी भरपूर होतं. सामान लावून झाल्यावर माझ्या बायकोनं दार लोटलं आणि तिथंच थांबली.

"अहो, याला कडी कुठंय?"

कडी नव्हती. बाहेरच्या दाराला नव्हती, स्वयंपाकघराला नव्हती, न्हाणीघराला नव्हती. कडी असते त्या जागी स्क्रूची भोकं होती, पुट्टी भरून बुजवलेली. दार टेकून राहावं म्हणून सुतळीचा एक फास खिळ्यात अडकवायचा, बस्स.

मी खाली जाऊन विचारलं तर मेजर म्हणाले, "दार लोटायचं असतं, बंद करायचं नसतं."

"आणि आम्ही बाहेर गेलो तर?"

"मी आहे ना. मी कुठं जात नाही."

गल्लीतले लोक हसायचे. 'मेजरचं शिंगणापूर' म्हणायचे त्या घराला. माझी बायको म्हणायची, "शिंगणापूरला देव राखण करतो. इथं कोण करणार?" तिचं हसणं नव्हतं त्यात. तिचे आईवडील पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. तिचं लहानपण कारखान्यांच्या रानात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत गेलेलं. कोपीला दार नसतं, गोणपाटाचं चवाळं लावलेलं असतं. लग्न ठरलं तेव्हा तिनं मला एकच गोष्ट विचारली होती, घराला दार आहे का. आणि मी तिला आणून ठेवलं ते अशा घरात.

मेजर माणूस म्हणून वाईट नव्हते. उलट फार करायचे. मी दुसऱ्या पाळीला गेलो की जिन्याच्या पायरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे, कुणी वर जाऊ नये म्हणून. पण त्यांच्या तऱ्हा आवरत नव्हत्या. पेन्शन काढायला बँकेत गेले की काचेचं दार धरून उभे राहायचे. येणारा येतोय, जाणारा जातोय, आणि यांनी दार सताड उघडं धरलेलं. शिपाई म्हणायचा, "मेजर, एसी जातो ना बाहेर." मेजर म्हणायचे, "जाऊ दे. माणूस अडकायला नको." लग्नाला गेले तर मंगल कार्यालयाच्या दारातच बसणार, अक्षता तिथूनच टाकणार. लिफ्टमध्ये पाऊल नाही. एसटीत कंडक्टरनं दार ओढून घेतलं की पुढच्या थांब्यावर उतरून पायी निघायचे.

निवडणुकीत मतं मागायला आलेल्या एका पोरानं पाटी न वाचता दार वाजवलं. मेजर जेवत होते. हात धुतला नाही, तसेच उष्ट्या हातानं धावत आले. चेहरा पांढराफटक. पोराचा हात धरून म्हणाले, "कोण तू? बोल! नाव सांग!" पोरगं इतकं घाबरलं की त्यानं उमेदवाराचंच नाव सांगितलं. सगळे हसले. मीही हसलो. मात्र मेजर पुन्हा ताटावर बसले नाहीत.

मी विचारलं, "मेजर, दार वाजवलं तर एवढं काय?"

"हाताला नाव नसतं, सुपरवायझर. आवाजाला असतं," एवढंच म्हणाले.

त्या घरात राहून मलाही तसं व्हायला लागलं. कारखान्यात कुणी पत्र्यावर पाना आपटला तरी मी दचकायचो. बायको एकटी असली की जीव टांगणीला लागायचा. फोन उचलायला तिला जरा उशीर झाला तर मशीन बंद करून पुन्हा पुन्हा लावायचो.

शेवटी तिनंच मार्ग काढला. मेजर दवाखान्यात गेले असताना तिनं सुताराला बोलावलं आणि न्हाणीघराच्या दाराला आतून आणि बाहेरून अशा दोन कड्या बसवून घेतल्या. मला म्हणाली, "एक दार तरी माझं पाहिजे."

पुढच्या आठवड्यात मी पहिली पाळी करून दुपारी घरी आलो तर फाटकापासूनच ऐकू यायला लागलं. धाड धाड. कुणीतरी दार बडवत होतं. मी जिना कसा चढलो मला आठवत नाही.

वर मेजर उभे होते. न्हाणीघराच्या दारासमोर, हातभर अंतरावर. बाहेरची कडी लागलेली. दार जोरात आपटल्यावर ती आपोआप अडकली असणार. आतून बायको दार बडवत होती, ओरडत होती, "कडी काढा! मेजर, मी आहे, कडी काढा!" आणि मेजर हालत नव्हते. दोन्ही हात छातीशी धरलेले, ओठ हलत होते. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

"कोण आहे आत? कोण आहे आत?"

अगदी हळू, एखाद्याला झोपेतून उठवावं तसं.

मी कडी काढली. बायको बाहेर आली, डोळे लाल, हात सुजलेले. तिनं मेजरांकडं पाहिलं. "मी सांगत होते ना, मी आहे म्हणून! मला तुमचे पाय दिसत होते दाराखालून. नुसतं बोट लावायचं होतं त्या कडीला."

मेजर जिना उतरून गेले. कठड्याला धरून, पायरी चाचपत.

त्या संध्याकाळी बायकोनं सामान बांधायला काढलं. "वेडा माणूस आहे. उद्या काहीही होईल." मला तिची समजूत घालता येईना, कारण मला स्वतःलाच भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. नेहमीसारखी, आधी नाव सांगून. "सूनबाई, मेजर आलोय. वर येऊ का?"

ते आले, दारातच जमिनीवर बसले. बायकोनं चहा विचारला नाही.

एरवी मेजर शाळेतल्यासारखं मराठी बोलायचे. त्या दिवशी मात्र बोलता बोलता ते त्यांच्या गावचं बोलायला लागले.

"आमी फौजेच्या गाड्या घिऊन बेटावर चाललो हुतो. म्हातारं जहाज. खाली गाड्या, वर मानसं. मी डायवर, माजा जोडीदार डायवर. त्यो सोनईकडचा. एकाच भरतीत लागलेलो, एका ताटात जेवलेलो. दोन दिस बरे गेले. मग वारं उठलं."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती ऐकत होती.

"खालच्या कप्प्यात गाड्या साखळ्यांनी बांधलेल्या असत्यात. जोडीदार मला म्हनला, गाडीची साखळी बघून येतो. गेला. नंतर एक ट्रक सुटला, जहाजाच्या अंगाला धडकला, आन् पानी आत आलं. वरनं हुकूम आला, खालचा कप्पा बंद करा. न्हाईतर सगळेच गेलो. मी तितं जवळ हुतो. मी आन् एक खलाशी. लोखंडी दार, त्याला दांडे असत्यात. ओढून लावले. समदे वर आले का म्हनून इचारलं, कुनीतरी व्हय म्हनलं."

"मग?" बायकोनं विचारलं.

"मग आतनं वाजलं."

त्यांनी दाराला लटकलेला सुतळीचा फास बोटाला गुंडाळला.

"हातानं वाजत असंल. न्हाईतर सुटलेली गाडी आपटत असंल. न्हाईतर नुसतं पानी. मला कळलं न्हाई, सूनबाई. मी इचारत हुतो, कोन हाय आत, कोन हाय आत. वाऱ्यात काय ऐकू येतंय? खलाशानं माजा हात दांड्यावरनं सोडवला. उघडलं असतं तर होड्या उतरवायलाबी येळ मिळाला नसता. तेवढ्यानं लई मानसं वाचली. जहाज मागनं गेलंच. सगळंच गेलं खाली. होडीत मी त्याला शोधलं. दुसऱ्या होडीत असंल म्हनलं. न्हवता."

"तोच होता आत?" मी विचारलं.

"माहीत नाही," मेजर म्हणाले. आता पुन्हा शुद्ध बोलत होते. "दुसऱ्या शिडीनं वर आला असेल, आणि लाटेनं ओढून नेला असेल. चाळीस वर्षं झाली. एक दिवस वाटतं तोच होता, एक दिवस वाटतं कुणीच नव्हतं."

मग त्यांनी जोडीदाराच्या बहिणीचं सांगितलं. कमल तिचं नाव. सोनईजवळ वस्तीवर राहते. जहाज गेल्यावर हेच त्या घरी सांगायला गेले होते. आईनं विचारलं, लई हाल झाले का रं पोराचे? यांच्या तोंडून निघून गेलं, न्हाई, झोपेत गेला. तेव्हापासून दर राखीला मेजर सोनईला जात होते. कमल त्यांना राखी बांधायची. मेजर बौद्ध, ती मराठ्याच्या घरातली, सुरुवातीला भावकीत कुजबुज झाली, पण आईनंच पहिल्या वर्षी पाट मांडून दिला म्हणून कुणी पुढं बोललं नाही. आणि दर वर्षी आई विचारायची, झोपेतच गेला ना? हे म्हणायचे, हो. आई त्यावरच मेली. पुढं कमल विचारायला लागली.

बायकोनं उठून चहा टाकला. कप त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग मेजर? जिला सांगायला पाहिजे तिला सांगा."

त्यांनी न्हाणीघराची बाहेरची कडी स्वतःच्या हातानं काढली. आतल्या कडीला हात लावला नाही. "ही राहू दे," म्हणाले. "आतल्या माणसाच्या हातातली आहे." आम्ही बांधलेलं सामान पुन्हा सोडलं.

राखी तीन आठवड्यांवर होती. ते दिवस कठीण गेले. मेजरांचं जेवण तुटलं. सकाळी 'जाणारच' म्हणायचे, संध्याकाळी 'तिला आता या वयात कशाला' म्हणायचे. बँकेत जाणं बंद केलं. त्यांच्या मुलीचा मला फोन आला, "पप्पांचा आवाज असा का येतोय?" काय सांगू? मी म्हणालो, "बरे आहेत, लक्ष आहे माझं." आणि ते उठले नसतील तर, असं मनात येऊन रोज कामावर जाताना खाली डोकावून जायला लागलो.

राखीच्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना मोटरसायकलवर मागं बसवलं. पांढरीपूल मागं गेला, घोडेगावला वळलो. त्यांचे हात माझ्या खांद्यांवर होते. मधेच दाबायचे, मधेच सैल सोडायचे. शिंगणापूरच्या अलीकडं गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. मी म्हणालो, "परत फिरू या का?" त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "नको. पुन्हा यायला मला जमणार नाही."

कमलताई साठीच्या, ठेंगण्या, बोलक्या. वस्तीवर आम्हाला पाहताच म्हणाल्या, "भाऊ, एवढे का वाळलात? ह्या बारीला कुनाला घिऊन आलात?" पुरणाचा वास सुटला होता. पाट मांडलेला, ताटात राखी, कुंकू, निरांजन. मेजर पाटावर बसले, पण हात पुढं करेनात.

"आधी ऐक," म्हणाले. "तुझा दादा झोपेत गेला नाही."

कमलताईंनी काडेपेटी खाली ठेवली. "ते मला ठावं हाय."

मेजरांनी मान वर केली.

"आमचा दादा चालत्या गाडीत कंदी झोपला न्हाई. नगरहून यष्टीनं यायचा तर डायवरच्या मागं उभा राहून यायचा. जहाजात काय झोपतोय? आईलाबी ठावं हुतं. तिला तसं ऐकायचं हुतं, तुमी सांगत हुता. माजंबी तसंच."

मला वाटलं, सुटलो. मी श्वास सोडला. पण मेजर म्हणाले, "अजून हाय," आणि त्यांनी दाराचं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. हुकूम आला होता हे सुद्धा शेवटी, घाईघाईनं सांगितलं, जणू ते आधी सांगितलं असतं तर लबाडी झाली असती.

कमलताईंचा चेहरा बदलत गेला. त्या म्हणाल्या, "आत दादा हुता?"

"माहीत न्हाई."

"चाळीस वरसं तुमाला माहीत न्हाई?"

"न्हाई कमल. आसंल. नसंल."

त्या उठल्या आणि बाहेर गोठ्यात गेल्या. आम्ही तसेच बसून. गोठ्यातून बादलीचा आवाज येत होता, म्हशीशी त्या काहीतरी बोलत होत्या. मेजरांचा हात मांडीवर उताणा पडलेला. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. त्यांची सून दारात येऊन आमच्याकडं पाहून परत गेली.

कमलताई आल्या, हात पदराला पुसत. "जेवून घ्या," म्हणाल्या. "आज मी बांधत न्हाई."

त्यांनी वाढलं. पोळीवर तूप घातलं, हात आखडला नाही. पण आमच्याकडं पाहिलं नाही. निघताना मेजर म्हणाले, "येतो." कमलताईंनी मान हलवली की नाही, मला सांगता यायचं नाही.

परत येताना मला वाटलं होतं, मेजर मोकळे होतील. तसं काही झालं नाही. मनगटावर दर वर्षीचा दोरा नव्हता आणि त्या जागी ते सारखं बोटं फिरवत राहायचे. फोन शर्टाच्या खिशात, हृदयाशी. वाजला की बघायचे, ठेवून द्यायचे. गणपती झाले, दसरा झाला. बायको रोज एक ताट खाली पाठवायची आणि ते बरंचसं तसंच परत यायचं. एकदा ती मला म्हणाली, "मी सांगा म्हणाले. मी चुकले का हो?" आम्ही दोघंही त्या फोनची वाट बघायला लागलो होतो, आणि तो येणार नाही अशी मनाची तयारीही करत होतो.

दिवाळीच्या पाडव्याला तो आला. मी खालीच होतो. मेजरांनी फोन कानाला लावला आणि उभेच राहिले. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला.

"भाऊ, उद्या भाऊबीजेला या. त्या पोरालाबी आना, त्याच्या बायकूलाबी आना."

चाळीस वर्षांत कमलताईंनी त्यांना भाऊबीजेला कधीच बोलावलं नव्हतं. ते का, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. सूर्य बुडाल्या बुडाल्या कमलताई ताट घेऊन अंगणात आल्या. पश्चिमेला उसाच्या तुऱ्यांवर चंद्राची बारीक कोर होती. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं त्यांनी चंद्राला ओवाळलं. मेजरांकडं न बघता म्हणाल्या, "हे दादाचं. ह्या दिशी मला दुसरं कुनी नको असायचं."

मग पाट मांडला. "बसा."

मेजर बसले. कमलताईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. मेजरांनी खिशात हात घातला, तशा त्या म्हणाल्या, "ते पाकीट ठिवा. मी लई इचार केला भाऊ. दार तुमी लावलं, त्याचा राग मला आला. अजून येतो. पन त्याच्यापरीस जास्त राग दुसऱ्या गोष्टीचा हाय. एवढी वरसं तुमी येता आन् त्यो कसा गेला तेवढंच सांगता. जहाजावर दोन दिस बरे गेले म्हनला ना? त्या दोन दिसांचं सांगा. त्यो काय बोलला, काय खाल्लं. मला तेच ओवाळनीत घाला."

मेजरांनी खिशातला हात बाहेर काढला. मला भीती वाटली, त्यांना काही आठवणारच नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाला ते एका दारामागं शोधत होते, तो त्या आधी कसा होता, हे त्यांच्याकडं उरलं तरी असेल का?

मग ते हळूहळू बोलायला लागले.

"पहिल्या सकाळी आमी वर आलो. त्यानं समुद्र कधी पाह्यला न्हवता. जिकडं तिकडं पानी. कठड्याला धरून लई येळ बघत राह्यला. मला वाटलं, घाबरला. मी म्हनलं, काय रं? तर मला म्हनतो..."

"काय म्हनला?"

"म्हनतो, लेका, एवढं पानी हितं नुसतं पडून हाय, आन् आमच्या चारीला कॅनालचं आवर्तन येईना!"

कमलताईंना हसू फुटलं. मोठ्यानं, अंगभर, ताटातलं निरांजन हलेल इतकं. सुनेनं ताट हातातून घेतलं. पदरानं डोळे पुसत, हसत, त्या खाली बसल्या, मेजरांच्या पाटाला लागून.

"त्योच," म्हणाल्या. "त्योच आमचा दादा. अजून सांगा."